आसाची चिंधी

प्रिय बा,

तुला अक्षरओळख नव्हती आणि मी जन्मभर अक्षरंच शिकवत आलो. तरीही पत्र लिहायला बसलोय, कारण काल आईनं एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. इतक्या उशिरा कुणी माफी मागतं का?

तुझी नात काशी आता स्वतः आई झालीय, बा! तिची सोनी वर्षाची व्हायला आलीय. दोघी मुरबाडला आपल्या घरी राहायला आल्यात. सोनीला काहीतरी खेळणं द्यायचं म्हणून मी मुद्दाम कल्याणला गेलो. लढाई संपल्यापासून दुकानांत खेळणी पुन्हा दिसू लागलीत. दुकानदारानं चावीची कोंबडी फळीवर सोडली, ती टकटक दाणे टिपायला लागली आणि हे आजोबा भुलले! घरी आणली. सोनीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि सरळ पितळेच्या झाकणाकडे रांगत गेली. झाकण उपडं केलं, सुलटं केलं, जमिनीवर आपटलं. कोंबडी एकटीच टिपत राहिली.

तेव्हा तू आठवलास. काशी लहान असताना मी असंच पत्र्याचं माकड आणलं होतं. तू म्हणालास, "ह्यो माकड आपलाच नाचतो रे. पोरीला कराया काय ऱ्हायला?" मला केवढा राग आला होता! मी शहापूरच्या शाळेत मास्तर, आणि बैलगाडी हाकणारा बाप मला खेळणी शिकवणार?

तू तिला काय काय दिलंस! आधी बांबूच्या पेरात खडे घालून केलेला खुळखुळा. ती बसायला लागली तेव्हा एकात एक बसणाऱ्या तीन करवंट्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. दुपारभर ती लहानीत मोठी कोंबायची, चिडायची, फेकायची, पुन्हा घ्यायची. मी दाखवायला हात पुढे केला की तू माझं मनगट धरायचास. "तिचा चाललाय ना? चालू दे."

आधी तू नुसता बसून बघायचास, पोर काय करू बघतेय ते. कोयता हातात घ्यायचास तो त्यानंतर. वर्गात चाळीस मुलं होती माझ्या, बा. एकाकडेही मी असं बसून बघितलं नाही.

आणि मग तो पांगुळगाडा. तीन चाकं आणि धरायला आडवा दांडा. काशी दांड्यावर सगळा भार टाकायची, चाकं कुरकुरायची, गाडा वीतभर सरकायचा आणि मागून तिचं पाऊल पडायचं. घाम यायचा तिला, पण सोडायची नाही.

पौषात तू गाडी घेऊन म्हशाच्या जत्रेला गेलास आणि मी सुट्टीत घरी आलो. गाडीवाल्याच्या घरात जन्मलोय मी! कुरकुरणारं चाक ऐकलं की हात आपोआप वंगणाकडे जातो. हे वळण तूच लावलंस. बघतो तर चाकांच्या आसाला चिंध्या गुंडाळलेल्या. म्हटलं, काय हा कचरा! ओढून काढल्या, फेकून दिल्या. गोठ्यातला वंगणाचा नळा आणला आणि आसाला सढळ हातानं वंगण लावलं. चाकं गरगर फिरली. घरात कुणी बघत नव्हतं, तरी मी स्वतःवरच खूश झालो.

काशीनं रोजच्याच जोरानं ढकललं. गाडा अंगणाच्या उतारावरून सुटला आणि ती दगडी पायरीवर तोंडावर आपटली. ओठ फाटला, नवे आलेले दोन दात गेले. त्या दिवसापासून पोर गाड्याजवळ जाईना आणि उभीही राहीना. ढुंगणावर सरकत फिरायची.

तू म्हशाहून आलास तो तिच्या पायांत घालायला घुंगरांचे वाळे घेऊन. मी तुला अंगणातच गाठलं. आईसमोर, माझ्या बायकोसमोर काय काय बोललो! "असला गाडा शिकाऊ सुतारानंही दिला नसता. पोर अधू झाली तर तू निस्तरशील?" तू खाली बसलास. बोटानं चाक फिरवलंस. ते फिरतच राहिलं. तू बोट नाकाशी नेलंस, मग धोतराला पुसलंस आणि म्हणालास, "माजाच चुकला, मास्तर."

नोकरी लागल्यापासून तू मला गणू म्हणणं सोडलं होतंस. सगळ्या गावासमोर मास्तर म्हणायचास, कौतुकानं. त्या दिवशी ती हाक माझ्या जिव्हारी लागायला हवी होती. लागली नाही.

गाडा माळ्यावर गेला, वाळे कोनाड्यात गेले. पुन्हा तू काशीसाठी काही बनवलं नाहीस. तिच्याकडे बघत बसायचास, कोयत्याला मात्र हात लावायचा नाहीस. भादव्यात तापानं गेलास. दसऱ्याला काशी भिंत धरून चार पावलं चालली. महिनाही झाला नव्हता रे! थोडा थांबला असतास तर?

काल मी माळ्यावरून गाडा काढला. सोनी भिंतीला धरून उभी राहायला लागलीय, म्हटलं हिला कामी येईल. पण काशीनं गाडा बघताच लेकीला उचलून घेतलं. "नको अण्णा! आज्याच्या त्या गाड्यानं माझे दात घेतले." हे तिला कुणी सांगितलं? मीच. हसत हसत, कितीतरी वेळा.

आई ओटीवर बसली होती. तिला आता धड दिसत नाही. मी चाक फिरवून बघितलं, त्याचा मोकळा आवाज ऐकून म्हणाली, "चिंदी कुटं हाय?"

"कसली चिंधी?"

"आसाची. तुज्या बानं तीनदा सोडून तीनदा गुंडालली व्हती, पोरीचा जोर बगून. चाक जड पायजे. नायतर गाडा पोरीच्या फुडं पलतो."

मी फिरतं चाक हातानं थांबवलं. "आणि त्याला कळलं होतं? मी काढल्याचं?"

"बोटाला वंगण लागला तवाच कलला. मी बोलनार व्हती, तर मला मनाला, गप ऱ्हा. मास्तर हाय तो, बायकोम्होरं त्याचा तोंड उतरंल."

का रे गप्प राहिलास? एक सणसणीत शिवी हासडायची होतीस! माझं तोंड राखलंस आणि नातीसाठी काही करायचा आपला हक्क सोडून दिलास. तुझा राग येतो, बा. मग माझीच इतकी लाज वाटते की आईसमोर जायला पाय उचलत नाही.

आता ऐक. आज दुपारची जेवणं झाली की काशीला आणि तिच्या आईला ओटीवर बसवून सांगणार आहे, गाडा चांगला होता, चिंधी मी काढली. माझं तोंड उतरायचं तितकं उतरू दे. मग पेटीतलं तुझं जुनं मुंडासं फाडून आसाला गुंडाळीन आणि सोनीकडे बघत बसेन. तीनदा सोडावं लागलं तर तीनदा सोडीन. चाक कितीही कुरकुरलं तरी वंगणाला हात लावणार नाही. कोनाड्यातले वाळे चिंचेनं घासून ठेवलेत. तिनं गाड्यामागे पहिलं पाऊल टाकलं की तिच्या पायांत घालीन, आणि हे कुणी आणलेत ते तिला तुझं नाव घेऊन सांगीन.

तुझा,
गणू