तटातला थ्रासिलोस

प्रिय निकोन,

पारोसहून आलेल्या खलाशाने तुझा निरोप दिला. द्राक्षं उतरायच्या आत तू घरी येतोयस हे ऐकून आईने त्याला इतकी अंजिरं खाऊ घातली, की बिचाऱ्याला उठवेना. ती आनंदात आहे. माझा मात्र तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

इथे शहराचा तट उभा राहतोय. इराण्यांनी जाताना मागे ठेवलं काय, तर राख. त्यात स्पार्टावाले म्हणतात, तुम्हाला तट हवाच कशाला? त्यांना पत्ता लागायच्या आत तो उंच व्हायला हवा, म्हणून बायकापोरांसकट सगळं अथेन्स दगड वाहतंय. कुठला दगड घ्यायचा, कुठला नाही, हे बघायला वेळ कुणाला आहे? गडावरच्या देवळाचे खांब पुरे उभे राहिले की त्यांना उभ्या पन्हळी कोरायचं काम आपल्याला मिळणार होतं, आठवतं? त्या खांबांचे गोल तुकडे आता गडाच्या भिंतीत चिणलेत. देवीचं घर सोडलं नाही, तिथे आपलं कोण ऐकणार?

मग माणसं वेशीबाहेरच्या थडग्यांकडे वळली आणि आपल्या थ्रासिलोसचा दगडही उचलून घेऊन गेली. मी पार दुसऱ्या टोकाला पायाची रांग सरळ करत होतो. मला कळलं तेव्हा गाडे रिकामे झाले होते. मी मुकादमाचे पाय धरले. तो म्हणाला, "म्हाताऱ्या, माझ्या बापाचाही दगड आत गेलाय. तट उकलू का आता?" लढाईत बुडालेलं पोर समुद्राने परत दिलं नाही, त्या दगडाखाली एक हाडसुद्धा नव्हतं. तो दगडच काय तो आपला होता रे.

आईला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "कुठे बसवलाय तेवढं दाखवा," म्हणाली. "तुम्ही गवंडी ना? तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?" मी तिला तटाच्या बाहेरच्या अंगाला नेलं, तिचा हात पोचेल अशा एका दगडावर बोट ठेवलं आणि म्हटलं, कोरलेली बाजू आत गेलीय. आता ती रोज जाऊन त्याला तेल लावते, त्याच्याशी बोलत बसते. परवा म्हणाली, "बरं झालं हो, तोंड घराकडे आहे त्याचं." शेजारणी हसतात. हसेनात का, तिला चार घास जातात.

पण निकोन, तो दगड त्याचा नाही. त्याचा कुठे गेला मला ठाऊक नाही, आणि आता ते कुणालाच सांगता येणार नाही. त्याचा दगड तू आपल्या हाताने घडवलास. हा तो नव्हे, हे तुला मागच्या बाजूवरूनही कळेल, आणि तुझ्या मनातलं तोंडावर लपत नाही, म्हणून आधीच लिहितोय. आल्या आल्या ती तुला हाताला धरून तिथे नेईल. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. ती दाखवेल त्याच दगडावर डोकं टेक आणि भावाला हाक मार.

तुझाच हतबल बाप,
एर्गिनोस