तीन गावांतली आजारी बायको

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वन्सं, नमस्कार.

त्या सकाळी मी आधी पाणी भरून घेतलं, मग केर काढला, मग चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत ओट्याखालचा रॉकेलचा डबा ओढून त्यात शिलाई मशीनची दोन शटल भिजत घातली. हे खुर्चीत बसून पायमोजे चढवत होते. एक उलटा चढवला होता, तो मी खाली बसून सरळ केला.

"बंदरच्या बाईंचं झालं का?" म्हणाले.

"झालं. स्प्रिंग बदलली. आता खडखडणार नाही."

"बरं," म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले. ती त्यांची शेवटची फेरी. बंदरापर्यंत पोचलेच नाहीत, अर्ध्या वाटेतून परत आले ते तापानं फणफणून, आणि पुढचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंच आहे.

तुमची खुशाली विचारायची राहिली. खोकला कसा आहे? मुलांना आशीर्वाद. माझं बरं चाललंय.

तुमचे भाऊ गावोगाव फिरून शिलाईची मशीनं दुरुस्त करायचे, हे मी तुम्हाला सांगायला नको. जागेवर न होणारं काम ते घरी आणायचे, पुढच्या फेरीला परत न्यायचे. पण शेवटची आठ वर्षं त्यांना सुईचं नेढं दिसत नव्हतं. आधी मी सुटे भाग नुसते पुसून द्यायची, मग जुळवायला लागले, मग सगळंच माझ्याकडे आलं. गावात जाऊन बसवायचं तेवढं ते हाताच्या सवयीनं करायचे. मी कधी बोलून दाखवलं नाही. घरातलं काम घरातच, एवढंच मला वाटायचं.

ते गेल्यावर फडताळात तीन गावांतल्या लोकांच्या सात पुरचुंड्या निघाल्या. प्रत्येकीला चिंधी बांधलेली, चिंधीवर नाव. लोकांचं सामान घरात अडकवून माणूस गेला असं कुणी म्हणू नये म्हणून मी स्वतः जाऊन द्यायचं ठरवलं आणि तुम्हाला तसं लिहिलं. तुम्ही उलट टपाली लिहिलंत, "पोस्टानं पाठवून द्या, एवढ्या उन्हात जायची दगदग कशाला?" मला वाटलं, किती काळजी करतात माझ्या वन्सं.

खरं सांगायचं तर मला ती गावं बघायचीही होती. "मला एकदा न्या की," म्हटलं की हे म्हणायचे, "तिथं बघण्यासारखं काय आहे? ऊन आणि घाम." पण मला ती गावं माहीत होती. डोंगराखालच्या गावची मशीनं तांबड्या धुळीनं भरलेली यायची. मिठागरांच्या गावचे स्क्रू पांढरे होऊन रुतलेले असायचे. बंदरावरच्या भागांना माशांचा वास आणि हिरवट गंज. ते भाग ज्या कागदांत गुंडाळून यायचे, ते वाचत वाचत मी वाचायला शिकले, तेही तुम्हाला माहीत आहे. तुम्ही हसायचात, "वहिनी, अर्धी बातमी वाचून काय कळतं तुम्हाला?"

डोंगराखालच्या गावात बस बाराला पोचली. एकच रस्ता, दोन्हीकडे पत्र्याची दुकानं, आणि धूळ अगदी तीच, मी ओळखली. शिंपीमास्तर दारातच होते. म्हातारे, गळ्यात टेप. हे गेल्याचं मी सांगितलं तर त्यांनी गळ्यातला टेप काढून बाजूला ठेवला.

"आणि तुम्ही त्यांची बहीण ना?" ते म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत पुढं म्हणाले, "मग आता वहिनींना कोण बघतं हो? त्यांना घास कोण भरवतं?"

वन्सं, माझ्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात त्यांच्या मशीनची पुरचुंडी.

"वीस वर्षं बघतोय," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "आधी बायको आजारी, मग तिचे हातही लुळे, अंथरुणाला खिळलेली. घरचं सगळं करून हा माणूस रात्ररात्र जागून आमचं बारीक काम करायचा. असा नवरा मिळायला भाग्य लागतं."

मास्तर रडत होते. रडणाऱ्या माणसाला काय सांगणार? म्हणून मी म्हणाले, "मी बघते त्यांना." एवढंच म्हणाले. ते खोटंही नव्हतं म्हणा.

मिठागरांच्या गावी दोन बहिणी मिठाच्या पिशव्या शिवतात. गावभर डोळे दिपवणारं पांढरं, सावलीला एक झाड नाही. तिथं मात्र मी त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "मी त्यांची बहीण." का सांगितलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मास्तरांकडे माझी जीभ अडकली होती. इथं ती आपणहून चालली.

धाकटीनं ट्रंकेतून एक झगा काढला. पाठ उघडी, मागून नाड्यांनी बांधायचा. "हात उचलावे लागू नयेत म्हणून असा शिवलाय. या फेरीला द्यायचा होता. वहिनींना घाला. माप त्यांनीच दिलं होतं."

बसमध्ये मी तो पाठीला लावून बघितला. माप बरोबर होतं. बाहीची लांबीसुद्धा.

आता बंदर. तिथल्या बाईंना तुम्ही ओळखता, तेव्हा त्यांचं वर्णन करत नाही. ताडपत्र्या शिवतात, आडव्या बांध्याच्या, ओठांत सुई धरूनच बोलतात. इथंही मी तेच म्हणाले. त्यांनी सुई काढली आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बहीण? त्याची बहीण माझ्या माळ्यावर महिनाभर राहून गेलीय. खोकल्याला समुद्राची हवा पाहिजे म्हणून. तुमच्याहून बुटकी, बोलायला साखर. तुम्ही कोण?"

मी म्हणाले, "बायको."

त्या हसल्या. "काहीतरीच काय! त्याच्या बायकोला अंगावरची माशी हाकलता येत नाही."

"असं कोण म्हणालं?"

"तो म्हणायचा. आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू, पण ती बहीणही म्हणाली. ह्या स्टुलावर बसून. वहिनीचे हात गेले म्हणून दादाला एवढं राबावं लागतं, म्हणाली. मी रडले होते त्या दिवशी."

वन्सं, त्या महिन्यात मी तुमच्या घरी होते. तुमच्या दोन्ही मुलांना आंघोळ घालत होते, डबे भरत होते, धाकट्याचा गुडघा फुटला तेव्हा मलमपट्टी करत होते. तुम्ही परत आलात आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणालात, "वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू?" तुम्हाला आठवत असेल. मला आठवतंय.

बाईंचं मशीन तीन महिने झाकून ठेवलं होतं, टाके सुटत होते. "बायको असाल तर सांगा यात काय बिघडलंय," त्या म्हणाल्या. मी खाली बसले. पुरचुंडीतलं शटल काढलं, तात्पुरतं बसवलेलं सोडवलं, सुईच्या वर-खाली होण्याशी त्याचं फिरणं जुळवलं, तेल घातलं. अर्धा तास लागला असेल. ताडपत्रीचा तुकडा घालून चालवून दाखवलं. टाका सरळ आला.

बाईंनी त्या टाक्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता शाबास म्हणतील.

"म्हणजे तो खोटं बोलत होता."

"हो."

"आणि तुम्ही काय करत होतात इतकी वर्षं? नवरा कुठं जातो, काय सांगतो, कधी विचारावंसं वाटलं नाही? काम आठ-आठ दिवस लांबलं तरी मी त्याला शब्दानं बोलले नाही, कशामुळं? तुमच्या हातांमुळं! फुकट जीव जाळला मी."

त्यांचं बरोबरच होतं. राग यायला समोर मीच होते, तो तर सुटला.

मग त्यांनी विचारलं, "मागच्या गावांत काय सांगितलंत?"

"बहीण म्हणून सांगितलं."

"मग त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय, बाई?"

संध्याकाळी मी धक्क्याच्या कठड्यावर बसले. गरम वारा, ओठांवर मीठ. ह्यांनी असं का केलं याचा पुष्कळ विचार केला. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं असेल, बायकोला आणत का नाही, आणि हे म्हणाले असतील, बरं नाही तिला. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मग डोळे गेले. डोळे गेले म्हणून सांगायची लाज, आणि बायको करते म्हणून सांगायची त्याहून मोठी लाज. तिचे हात लुळे म्हटल्यावर काम तिचं असेल अशी शंकाही कुणाला येणार नाही. असं असेल. समजून घेतलं म्हणून राग कमी होतो, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. माझा झाला नाही.

तुम्ही म्हणाल, वहिनी, मेलेल्या माणसाचं नाव राहू द्या. मास्तरांसारखी माणसं त्याला देवमाणूस मानतात, त्यांचं मन कशाला मोडता? मीही स्वतःला तेच सांगत होते. पण त्यांचं नाव राहायचं असेल तर मला जन्मभर तिथं अंथरुणात पडून राहावं लागेल, आणि तुम्ही मला भरवत राहाल.

ह्याचं उत्तर पाठवू नका. बोलायचं असेल तर समोर या.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसनं मागं फिरले. मिठागरांच्या गावी उतरून दोघी बहिणींना सांगितलं की मी त्यांची बायको, आणि माझे हात धड आहेत. दुपारच्या बसनं मास्तरांकडे गेले आणि त्यांनाही तेच सांगितलं.

तुमच्या भावाची
बायको