मर्लने माझ्याकडे न बघितल्याबद्दल

तीर्थरूप लेनर्डदादास,

धाकट्या लुडमिलाचा नमस्कार. इकडे आई, मी, वासरं आणि बिशप (म्हणजे गाढव, खरे बिशप मागच्या वर्षी बदलून गेले) सगळे खुशाल आहोत. तिकडे ॲरिझोनात तुझे गुडघे, मार्जोरीवहिनीचा घसा आणि अंगणातलं ते निवडुंग यांच्या तब्येती कशा आहेत? गेल्या पत्रात तू लिहिलंस की आईच्या नव्वदाव्या वाढदिवसाला गुडघ्यांमुळे यायला जमणार नाही. बाबा गेले तेव्हा पाठ आखडली होती, त्याच्या आधी गाडीचा गिअर आखडला होता. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंस, ‘आई तरी कुठे कधी ये म्हणते?’ ते वाचून मला आधी तुझा राग आला आणि मग वाईट वाटलं, कारण खरंच म्हणत नाही. दर रविवारी फोनवर ती तुला हवा विचारते, काय जेवलास विचारते आणि माझ्या हातात फोन देते. असो, ते नंतर. आधी मला अटक झाली ती हकीकत सांगते.

घाबरू नकोस, सुटले आहे. दोष सगळा बिशपचा. कोल्ह्यांपासून वासरं राखायला म्हणून मी त्याला आणलं आणि ते काम तो चोख करतो, पण कुंपण जरा कुठे पडलं की हायवेच्या मधोमध जाऊन उभा राहतो. पळत नाही, चरत नाही, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे नुसता बघतो, जणू पुढे जाण्याआधी प्रत्येकाने पापं कबूल करून जावं. आपल्या कोणाला दिसला असता तर त्याने कान धरून घरी आणून बांधला असता आणि जाताना अंडी नेली असती. पण दिसला तो राज्य पोलिसातल्या एका परक्या पोराला. त्याने गाढवाला काही न म्हणता मला समन्स दिलं, की अमुक गुरुवारी कोर्टात हजर राहा.

मी राहणारच होते रे. निळा कोटसुद्धा काढून ठेवला होता. पण एमिल व्होंड्रा नेमका त्याच आठवड्यात गेला (आयुष्यभर अडचणीच्या वेळी दारात यायचा, गेलाही तसाच), आणि त्याला पोचवल्यानंतरचं जेवण चर्चच्या हॉलमध्ये गुरुवारीच ठरलं. बटाट्याचं सॅलड माझ्याकडे होतं. म्हटलं, पहिली पंगत वाढून कोर्टात जाऊ. बघते तर पहिल्याच टेबलावर कोर्टाची मुख्य कारकून बर्नाडेट, तिच्या शेजारी सरकारी वकील आणि त्याच्या शेजारी आपला गावचा पोलीस, डेप्युटी मर्ल हांझलिक, ताटात हॅमचा डोंगर घेऊन. अख्खं कोर्ट इथे बसून माझं सॅलड चापतंय, मग तिथे उरलंय कोण? आपल्याकडे मयताचं जेवण असलं की बँकसुद्धा दाराला चिठ्ठी लावून येते. मी कोट खुंटीला लावला आणि निवांत भांडी घासली.

तिथे उरल्या होत्या नव्या न्यायाधीशबाई. टॉलिव्हर त्यांचं नाव. ठरावीक गुरुवारी शहरातून गाडी चालवत येतात, त्यांना बिचाऱ्यांना ना एमिल माहीत ना सॅलड. रिकाम्या बाकांसमोर त्यांनी माझं नाव पुकारलं, परत पुकारलं, आणि तारखेला आली नाही म्हणून हिला पकडून आणा, असं वॉरंट काढलं.

मला यातलं ओ की ठो कळलं नाही. मला एवढंच कळलं की मर्लचं काहीतरी बिनसलंय. रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं बोट उचलायचं, ही आपल्याकडची रीत तू विसरला नसशील. बांधावरून एकमेकांचे गळे धरणारे स्टास्नी भाऊसुद्धा बोट उचलतात. आणि हा मर्ल, ज्याचं नाक मी पुसलंय, तो माझी पिकअप दिसली की मान फिरवून मक्याकडे बघायला लागला. दुकानात मी शिरले की हा कुत्र्याच्या खाण्याचे डबे हातात घेऊन वाचत उभा (घरात कुत्रा नाही). चर्चमध्ये ‘शांती असो’ म्हणत शेजारच्याला हात देताना तर त्याने डोळे मिटून घेतले आणि चुकून पुढच्या बाकाच्या पाठीलाच शांती दिली. मी म्हटलं, झालं, याची आई डोलोरेस हिच्या जॅम भरलेल्या गोड पावांना, कोलाच्यांना, मी कोरडे म्हटलं ते याच्या कानावर गेलं (कोरडेच असतात). म्हणून भरपूर लोणी घालून मी माझे कोलाचे भाजले आणि समेट करायला थेट शेरिफच्या ऑफिसात गेले.

आत कोणी नाही. टेबलाखाली मात्र बूट दिसत होते.

‘मर्ल, तिथे काय करतोयस?’

‘पेन पडलंय, लुडमिलामावशी.’

‘वर ये. कोलाचे आणलेत.’

‘ठेव आणि जा ना गं मावशी! तुला बघितलं तर पकडावं लागेल मला!’

मग टेबलाखालूनच त्याने सगळं सांगितलं. वॉरंट आहे. मी दिसले की धरायचं, आणि बाईंचा गुरुवार येईपर्यंत शेजारच्या काउंटीच्या तुरुंगात ठेवायचं, कारण आपल्या कोठडीत नाताळची सजावट भरलेली आहे. मग वासरांना कोण बघणार, तुझ्या आईला कोण बघणार, म्हणून मी ठरवलं की मावशी मला दिसायचीच नाही, असं म्हणाला.

‘अरे गाढवा, मग तसं सांगायचं नाही का मला?’

‘सांगायला बघावं लागतं ना!’

दादा, मी त्याला रागवायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. कारण हळूहळू लक्षात आलं, एकटा मर्ल नव्हता. सगळ्या गावाला माहीत होतं. दुकानदार मी आले की मुद्दाम मोठ्याने माझं नाव घ्यायचा, ते मर्लला सावध करायला. फादरनी मला खांबाआडच्या बाकावर बसायला सांगितलं, ते वाऱ्याचा झोत लागतो म्हणून नव्हे. इतकी माणसं इतके दिवस मला न बघण्याची मेहनत घेत होती, आणि मी मेली घरोघर त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. देव या सगळ्यांचं भलं करो. डोलोरेसच्या कोलाच्यांचंसुद्धा.

सोडवायची रीत बर्नाडेटने कोर्टाच्या खिडकीतून सांगितली, आणि ती इतकी सोपी की लाज वाटावी. बाई येतील त्या दिवशी आपल्या पायांनी जायचं, समोर उभं राहायचं आणि वॉरंट मागे घ्या म्हणायचं. त्या गुरुवारी मर्लने मला रीतसर अटक केली. त्याच्या गाडीचं पुढचं चाक बसलं होतं, म्हणून अटक माझ्याच पिकअपमधून झाली. चालवत मी होते, तो शेजारी कोलाच्यांचा डबा मांडीवर घेऊन.

‘त्या दिवशी कुठे होतात?’ बाईंनी विचारलं.

‘मयताचं जेवण वाढत होते.’

‘कोर्टाला फोन करायचा होता.’

‘केला असता बाई, पण फोन उचलणारी माझ्या पुढ्यात बसून जेवत होती.’

बर्नाडेटने मान खाली घातली. सरकारी वकिलाला खोकला आला. बाईंनी बराच वेळ तोंडावर हात ठेवला आणि मग वॉरंट मागे घेतलं. कुंपण नीट करा, डेप्युटी येऊन बघतील, ते झालं की प्रकरण मिटलं, असं म्हणाल्या. मर्ल बघायला आला तो तारांचं भेंडोळं घेऊनच आला आणि अंधार पडेपर्यंत माझ्याबरोबर खपला. जाताना त्याने बोट नाही, अख्खा हात बाहेर काढून हलवला. माझ्या मनात आता कोणाबद्दल काही नाही, दादा. अशा गावात म्हातारी होतेय हे माझं भाग्य.

वहिनीला सप्रेम नमस्कार.

तुझी, कायद्याला पुन्हा तोंड दाखवायला मोकळी झालेली,
लुडमिला

ता. क. हे वहिनीला वाचून दाखवू नकोस. त्या दिवशी मी खिडकीशी जाऊन माझं वॉरंट विचारलं, तेव्हा बर्नाडेट म्हणाली, ‘कुठलं? हावरानेक आडनावाची दोन आहेत.’ दुसरं तुझं आहे. पाण्याच्या टाकीवर चढून तू लाल रंगाने ‘डोलोरेस’ लिहिलंस, त्याच्या कोर्टाच्या तारखेआधीच तू ॲरिझोना गाठलंस आणि तेव्हापासून तुझ्या अंगातलं काही ना काही आखडत आलंय. नाव अजून दिसतं. मर्ल रोज कामावर जाताना आपल्या आईचं नाव वाचतो आणि त्याला ते अक्षर आवडतं. तर आता ये. बाई म्हणाल्या की समोर येऊन उभे राहा, ऐकून घेते, आणि सरकारी वकिलाचं मत असं की टाकी रंगवून दिलीस तर बास. आईचा वाढदिवस रविवारी आहे, कोर्ट गुरुवारी. मधले दिवस मर्ल तुझ्याकडे बघणार नाही. त्याचा हात आता त्यात चांगला बसलाय.

ता. क. दुसरा. हे सगळं आईला कसं सांगावं कळेना, पण सांगितलं. ती उशीसाठी हंसाची पिसं निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘टाकीचंच ना? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. म्हणून तर त्याला कधी ये म्हटलं नाही. मी म्हटलं असतं तर तो आला असता, आणि त्यांनी धरला असता.’ मग हातातलं पीस तिने खाली ठेवलं. मी उठायला लागले तेव्हा म्हणाली, ‘पत्र बंद केलंस का? नाही ना? मग लिही. आई म्हणते, ये.’