सोडून नाई राहिली

गुरुवार, ४ फेब्रुवारी १८६४. अकोला.

वसईच्या घरी मागल्या पडवीत आम्ही दोघं नवराबायको वाल सोलत बसलो होतो. पेद्रूनं सालांचं एक कडं जमिनीवर मांडलं. म्हणाला, "हा अमरावतीचा कोट. वर चढलं की सगळा वऱ्हाड दिसतो." लग्नाआधी तो मोजणीवाल्यांबरोबर तिकडे जाऊन आला होता. मी म्हटलं, "सालं उचल, सासूबाई येतील." एवढंच. तीस वर्षं झाली. त्याला जाऊनही अकरा झाली, आणि आज मी त्या कोटापासून दोन दिवसांच्या वाटेवर आहे.

काम असं: मुंबईच्या कापसाच्या कोठीला अमरावतीत कोटाबाहेर जागा हवी आहे, गाठी दाबायच्या यंत्रासाठी. तिथे एक देशमुखीण राहते. विधवा, गोषातली. दीर म्हणतो, ती जागा सोडून केव्हाच माझ्या घरी आली. तसं असेल तर जागा दिराची, आणि तो द्यायला तयार. ती अजून राहत असेल तर तिच्या हयातीत कोणी हात लावायचा नाही. आत पुरुषांना मज्जाव, म्हणून मठाच्या शाळेत शिकलेली, मराठी-इंग्रजी लिहिणारी बाई लागली. बरोबर कोठीचे कारकून गोविंदराव, पुण्याचे. (पुढे गो.)

पहाटे मोर्णा नदीच्या काठी जाऊन किल्ल्याचा बुरूज पाहिला. धुक्यात अर्धाच दिसला. अर्धा पुरला.

शनिवार, ६ फेब्रु. अमरावती.

पोचलो. दरवाजात कापसाच्या गाड्यांची रीघ, आणि वाटेतल्या एकेका बाभळीनं काट्यांनी ओढून घेतलेला कापूस. लांबून वाटतं, बाभळच पांढरी फुलली आहे. हवेतही तंतू. बोलताना ओठांना लागतात.

दुपारी दिराच्या घरी गेलो. देशमुखिणीला तिथेच बोलावून आणलं होतं. गो. पडद्याबाहेर, मी आत. ती माझ्याच वयाची.

"तुमाले लेकरं?"

"नाहीत."

"मलेबी नाई."

मग मी विचारलं, अजून त्या जागेत राहता का. माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "मी थे जागा सोडून नाई राहिली." मी लिहिलं: जागा सोडली, आता तिथे राहिले नाही. तिनं खाली निशाणी केली. "लिवलं ना बाई? मंग झालं." केवढी शांत. घर सुटलेल्या बाईला असं शांत होता येतं, मला वसई सोडताना आलं नव्हतं.

अर्ध्या तासात उरकलं. गो. कागद घेऊन लगेच घोड्यावरून अकोल्याला.

मी कोटाकडे. बरोबर आमच्या बैलांच्या दमणीचा गाडीवान शिरपत.

"कावून बाई, भिंत पाहाले इतक्या दुरून आल्या?"

"हो."

"आमची भैस रोज पायते. तिचं कोनी कौतिक नाई करत."

कोटाच्या खिडकीजवळच्या, म्हणजे धाकट्या दरवाजाजवळच्या, पायऱ्यांनी चढले. गुडघे कुरकुरले, पण चढले. खाली गाड्यांची धूळ आणि कापूस मिळून एक पांढरं तळं झालेलं. त्यात बैलांची नुसती शिंगं. पेद्रू याच दगडावर टेकला असेल का? बावीस वर्षांचा. मला ओळखतही नव्हता. त्याच्याहून मी आता किती मोठी! कोटाबाहेर एका अंगणात पांढरं लुगडं वाळत होतं. शिरपत म्हणाला, थेच देशमुखिनीचं घर. मी नुसतं बघत राहिले, सुंदर दिसत होतं म्हणून.

रविवार, ७.

निघालो. इथे चर्च नाही, म्हणून रविवारची मिस्साही नाही. अंबादेवीच्या घंटा ऐकत दमणीतच माझी प्रार्थना म्हटली. देव रागावला असेल असं वाटलं नाही. दिवसभर डुलकी, जाग, पुन्हा डुलकी. स्वप्नात कोट वालाच्या सालांचा होता.

सोमवार, ८. मूर्तिजापूर.

सावलीत दमणी सोडायची होती, तर बरोबर तिथेच एक बोरंवाली. शिरपत म्हणाला, "ऊठ व माय, बैल बांधू दे."

ती म्हणाली, "मी काई उठून नाई राहिली!"

आणि बसून राहिली. पाय पसरून. टोपलीसकट.

मी शिरपतला म्हटलं, अरे, उठले असं म्हणते आणि बसते काय?

तो हसायला लागला. "थे नाई उठत, बाई. उठून नाई राहिली, म्हंजे नाई उठत!"

सोडून नाई राहिली.

म्हणजे नाही सोडत.

हे येशू.

(नंतर) लुगडं वाळत होतं. मी पाहिलं होतं. कागद परत वाचून दाखवायचा असतो, पहिला नियम. उन्हं उतरत होती, मला कोट चढायचा होता. वाचला नाही. तिनं माझ्या भरवशावर निशाणी

मंगळवार, ९. अकोला.

कोठीच्या साहेबांनी कागद सकाळीच सरकारी कचेरीत धाडला. शुक्रवारी जागेचा निकाल.

गो. : "अक्षर तुमचं, निशाणी त्यांची. आता काय?" मग जरा मऊ होऊन, "त्यांची बोलीच तशी हो. शुद्ध बोलल्या असत्या तर..."

"त्या शुद्धच बोलल्या. मी अशुद्ध ऐकलं."

साहेबांनी विचारलं, "आपलाच कागद तुम्ही खोटा म्हणणार?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, मग तिची नवी जबानी आणा. जायला दोन दिवस, यायला दोन. शुक्रवार थांबेल असं कोणी म्हणत नाही. मुंबईची मंडळी उद्याच निघतात, त्यांच्याबरोबर मी जायचं होतं.

बुधवार, १०.

राखेचा बुधवार. कपाळाला राख लावणारं इथे कोणी नाही. शिरपतनं बैल जुंपले आहेत, वर ऐकवतो आहे, "आता कोनती भिंत राह्यली, बाई?"

मागे राहणाऱ्यांसाठी:

माझी चूक कबूल करणारं पत्र, मराठी आणि इंग्रजी, सही केलेलं, कचेरीत आजच द्यावं. साहेबांनी स्वतः द्यावं, गो.कडे नको. नक्कल साहेबांना.

पेटी आणि जपमाळ मुंबईच्या मंडळींबरोबर, वसईला नणंद आन्नाकडे. तिला म्हणावं, पास्काच्या सणाआधी येते. न आले तर काळजी करू नये. पडवीत गवत वाढलं असेल, ते मात्र काढावं.

अमरावतीहून निघताना देशमुखिणीच्या दिरानं भेट म्हणून दमणीत ठेवलेलं जरीचं लुगडं माझ्याबरोबर. त्याचं त्याला परत.

देशमुखिणीला कोरा कागद. तिचं वाक्य तिच्याच बोलीत, जसंच्या तसं. दोनदा वाचून दाखवायचं. मग निशाणी, केली तर.