सहीआधीची सहल

मुरुड (जि. लातूर), ८ सप्टेंबर २०२५
॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. वर्षाराणीस मल्लिनाथअण्णाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. अव्वाची तब्येत बरी आहे. फोन ती कानाला लावत नाही, पत्र मात्र दोनदा वाचून घेते, म्हणून आपली जुनी रीत चालू. सोयाबीन पिवळं पडून राहिलं. पुनमला कॉलेजातून फुरसत नाही. पोरगी वडिलांपेक्षा आजीचंच जास्त ऐकते.

नांदेडच्या बायकांसोबत भूतानला निघालीस म्हणे. एवढासा देश, तिथं आठ दिवस काय बघणार? तरी तुझी हौस म्हणून पैसे मी भरले. बहिणीचं कौतुक भावानं नाही करायचं तर कुणी? स्वेटर विसरू नको. आलीस की एक दिवस लातूरला ये. बाबांना जाऊन वर्ष झालं, शेत आता माझ्या नावावर करून घेतो. हक्कसोडपत्र तयार आहे. तुझी आणि अव्वाची सही तेवढी राहिली. सगळ्याच बहिणी देतात.

अमरेशरावांना शरणार्थ. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
मल्लिनाथ


थिंफू, २६ सप्टेंबर

ती. अण्णास वर्षाचा शि. सा. न.

हे पत्र अव्वाला पुरतं वाचून दाखव, मधलं गाळू नकोस. पाकिटावरचं तिकीट बघितलंस का? त्यावर मीच आहे! इथल्या पोस्टात आपला फोटो काढून खरं तिकीट करून देतात.

राजधानीचं गाव, पण सिग्नल एकही नाही. चौकात नक्षीदार छत्रीखाली पांढरे हातमोजे घातलेला पोलीस हात नाचवतो आणि गाड्या मुकाट ऐकतात. आपला रुपया चालतो. मिरची इथं भाजी म्हणून खातात, चीजमध्ये शिजवून. मी दोनदा घेतली, बाकीच्या पाणी पिऊन राहिल्या. उंच शिखरांवर चढायला बंदी आहे, तिथं देव राहतात म्हणून. कैलासाला पाय लावू नये असं आपण नुसतं म्हणतो, यांनी कायदाच केला.

आता एवढ्याशा देशाचं आणखी एक ऐक. आमची गाईड पेमा पारोजवळच्या खेड्यातली. तिनं आम्हाला घरी जेवायला नेलं. घर तिच्या नावावर, भाताचं शेतही. इथं बऱ्याच भागांत घरदार मुलीकडे जातं. तिचा भाऊ लग्न करून बायकोच्या घरी राहायला गेला आणि सणाला माहेरी येतो! तो रागावला नाही का, असं मी विचारलं. पेमाला माझा प्रश्नच कळला नाही.

आधी मला हसू आलं, मग राग आला. बाबांबरोबर उसाला पाणी द्यायला, पाटाची दारं धरायला मी होते. तू हैदराबादला शिकत होतास. अण्णा, मी सही देणार नाही. सहलीचे पैसे परत करते. माझा हिस्सा मला हवा, विकायला नाही, पेरायला. आणि भाऊबीजेला दरवर्षीसारखी येणार, ताट घेऊन.

रागावलास तरी आठवण ठेव.

तुझी,
वर्षा


मुरुड, ११ ऑक्टोबर

सौ. वर्षाराणीस आशीर्वाद, रीत म्हणून.

आठ दिवस परमुलूख बघितला आणि भावाला शहाणपण शिकवून राहिलीस. त्यांची रीत त्यांना, आपली आपल्याला. तुझ्या लग्नात बाबांनी काय कमी केलं? उद्या मुरुडच्या बाजारात लोक म्हणतील, मल्लिनाथची बहीण वाटणी मागते. जमीन आणि माहेर, दोन्ही मिळत नसतं. जमीन हवी तर कोर्टात ये. भाऊबीजेला येऊ नकोस, दार लावलेलं असेल.

अव्वाला तुझं पत्र निम्मंच वाचून दाखवलं. तिला नाहक ताप नको.

मल्लिनाथ


मुरुड, १४ ऑक्टोबर

माझ्या वर्षीला अव्वाचा पोटभर आशीर्वाद. सांगते मी, लिहून राहिली पुनम.

तुझ्या अण्णानं पत्र मिरचीपाशीच थांबवलं. मला तवाच कळलं, माझी लेक मिरचीवर पत्र संपवायची न्हाई. पुनमनं त्याच्या टेबलावरून आणून सगळं वाचलं. जेवताना मी मल्लूला इचारलं, उद्या पुनमची सही पन अशीच घेणार का रं? ताटावरून उठून गेला. भूक लागली तसा आलाबी.

बाई, माझ्या लग्नानंतर उदगीरला माझ्या भावानं शेताच्या कागदावर माझा अंगठा घेतला होता. हिरवी साडी दिली. मी लई खूष झाले होते. आता साडीबी न्हाई, भाऊबी न्हाई, अन् त्या शेतात दुसऱ्याचीच घरं उभी हायेत.

काल मल्लू वकिलाला घेऊन आला. आता मला सहीपुरतं लिहिता येतं, म्हनून माझ्या हातात पेन दिला, तसाच मी परत केला. म्हटलं, मायलेकीचे हिस्से शेजारीशेजारी काढा, माझाबी वर्षीच पेरील. वकील हसला. मल्लू न्हाई हसला. तुला न्हाई म्हणायला परमुलखात जावं लागलं, मी बाजेवर बसूनच म्हटलं.

तू ये. अमरेशला पन आण. दाराचं म्हणशील, तर भाऊबीजेला सकाळपासून मी उंबऱ्यावर बसनार हाय. मला उचलल्याबिगर दार लागत न्हाई, अन् मला उचलायची मल्लूची छाती न्हाई.

तुझी अव्वा,
नीलम्मा