थोरली मोटार तुळसाच्या मळ्यात

मालवण,
ता. ९ डिसेंबर १९६३

तीर्थस्वरूप भाईमामांच्या पायांशी भाचा गंगाराम याचा साष्टांग नमस्कार. (तूर्त कागदावरूनच घ्यावा. कंबर धरली आहे, कारण पुढे येईल.) इकडे आम्ही सर्व खुशाल. लालबागच्या धुराने तुमचा खोकला वाढल्याचे आनंदीमामीच्या पत्रावरून कळले. आई म्हणते, अडुळशाचा काढा घ्या. मी म्हणतो, मालवणचा वारा घ्या, पण तो पोस्टाने पाठवता येत नाही.

लिहिण्यास कारण की, काल रविवारी लॉरेन्सने आपल्या बापाच्या वेळच्या दोन्ही सर्विस मोटारी रस्त्यावर काढल्या. एस.टी. आली, खाजगी मोटारी बंद झाल्या, तेव्हा तुम्ही इतकी वर्षे चालवलेल्या थोरलीचे हँडल त्याच्या बापाच्या हाती ठेवलेत, एस.टी.चा खाकी डगला घालणार नाही म्हणालात आणि बोटीत बसलात. त्यानंतर तुम्ही मालवणात पाऊल टाकले नाही, गणपतीलासुद्धा नाही. (हा टोमणा नाही. आई रोज म्हणते, ते फक्त लिहिले.) मोटारी मात्र तेव्हापासून लॉरेन्सच्या मांगरात, परसातल्या छपराखाली आहेत. दर महिन्याला तो त्यांची इंजिने घरघरवतो, लाकडाला तेल लावतो आणि थोरलीच्या मागच्या बाकावर अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना हाकलतो. आता त्याला मांगर हवा आहे आणि कोल्हापूरकडचा एक भंगारवाला दारात येऊन बसतो. लॉरेन्स स्वभावाने मऊ, त्याने तोड काढली: दोन्ही गाड्या धामापूरच्या तळ्यापर्यंत जाऊन आपल्या चाकांवर घरी आल्या तर ठेवायच्या, नाही आल्या तर भंगारात.

धाकटी तो स्वतः चालवणार होता. थोरलीला ड्रायव्हर नव्हता. तेव्हा मी पुढे झालो. मामलेदार कचेरीतली जीप मी दोनदा चालवली आहे (एकदा पुढे आणि एकदा मागे), शिवाय लहानपणी तुमच्या शेजारी बसून तुमचे हात-पाय बघितले आहेत. असे शिक्षण पैसे देऊन मिळत नाही. लॉरेन्सने माझ्याकडे बराच वेळ पाहिले, मग आईकडे पाहिले. आई म्हणाली, "जांव दे रे. मी बसतंय त्याच्या बाजूक." याचा अर्थ तिचा माझ्यावर विश्वास होता असाच मी घेतला.

देवळातली घंटा आणि चर्चची प्रार्थना दोन्ही आटोपल्यावर आम्ही निघालो. तिकीट नाही, म्हणून कायद्याची भीती नाही. बसले सगळे जुने उतारू. कुणाच्या मांडीवर आंबोळ्यांचा डबा, कुणाच्या काळ्या वाटाण्याच्या उसळीचे पातेले. सेबॅस्टियन व्हायोलिन घेऊन टपावर चढला (खाली जागा होती, पण पूर्वी तो टपावरच बसायचा म्हणे). थोरली पहिल्या हँडलला उठली नाही. दुसऱ्या हँडलला तिने मला झटका दिला, तोच हा कंबरेचा. तिसऱ्याला आईने उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. काय ते मी विचारले नाही. गाडी सुरू झाली.

मामा, तो प्रवास तुम्ही बघायला हवा होता. रस्त्याकडेच्या घरांतून माणसे हात पुसत बाहेर येत होती. एक म्हातारा काठी टाकून धावला, त्याला चालत्या गाडीतच वर ओढला. चौके गावाच्या पुढे समोरून एस.टी. आली. रस्ता तुम्हांला ठाऊक आहे, दोघांना पुरत नाही. कायद्याने आम्ही बाजूला व्हायचे. पण त्या ड्रायव्हरने, महादू त्याचे नाव, आपली भरलेली गाडी मागे घेतली, कडेला लावली आणि आम्ही जाईपर्यंत डोक्यावरची टोपी हातात धरून उभा राहिला. खाकी डगल्यातला होता, मामा. आईने पदराने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाली. धूळ होतीही.

धामापूरला तळ्याच्या काठी जेवणे झाली, सेबॅस्टियन वाजवत बसला. लॉरेन्स दोन्ही गाड्यांभोवती फिरून चाकांना हात लावत होता. अर्धे काम फत्ते झाले होते. उरलेले अर्धे उताराचे होते.

परतीच्या उतारावर एक म्हैस आडवी आली. ब्रेक मी दाबला, तो पार खाली गेला आणि तिथेच राहिला. भोंगा वाजवला. म्हशीने वळून पाहिले, एवढेच. अशा वेळी सामान्य ड्रायव्हर घाबरतो. मी शांतपणे विचार केला की एका बाजूला दगडी गडगा, दुसऱ्या बाजूला तुळसाचा मळा, आणि गाडी मळ्यात नेली. (लोक म्हणतात गेली. मी नेली.) वायंगणी भात लावायला तिने मळ्यात पाणी सोडून छान चिखल केला होता. थोरली बांधावरून अलगद उतरली आणि बसली. कुणाला ओरखडा नाही. उसळसुद्धा सांडली नाही.

तुळसा कमरेवर हात ठेवून आली. म्हातारी आहे, पण आवाज तरणा. म्हणाली, "मळो माझो, गाडी तुमची. आता काढा." सगळे चिखलात उतरून ढकलू लागलो. चाक फिरे तसे आणखी खाली जाई. पुढे गेलेला लॉरेन्स मागे आला, बांधावर बसला आणि बुडालेली चाके मोजू लागला. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

तर अशी एकंदरीत सहल यशस्वी झाली. आनंदीमामीस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
गंगाराम

ता. क. एक राहिले. थोरली अजून मळ्यातच आहे. भंगारवाला तिथे जाऊन पाहून आला. इथे कुणालाच ती बाहेर काढता येत नाही, तिचे गियर तुमच्याशिवाय कुणाचे ऐकत नाहीत. मिळेल त्या बोटीने यावे. उशीर झाला तर जागेवरच तिचे तुकडे करतील. मामीने अडवले तर हे पत्र दाखवावे.

आणखी ता. क. यशोदामावशीने, म्हणजे गंगारामच्या आईने, सांगितले तसे मी, लॉरेन्सची मुलगी बर्नादेत, लिहिते. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे आले आहे, गंगारामला ठाऊक नाही.

भाई, तुझ्या भाच्यान गाडी मळ्यात घातल्यान ह्या खरा. पण ती थंय नाय आसा. तो एस.टी.वालो महादू परतीच्या वाटेर थांबलो, आपल्या गाडयेतल्या सगळ्यांका खाली उतरवल्यान, दोर बांधून ओढून काढल्यानी. मगे थोरली आपल्या चाकांवर घराक इली, लॉरेन्सान चालवल्यान. भंगारवाल्याक त्येना परत धाडल्यान. तुळसाचो बांध गंगाराम कंबर धरून घालता हा. गाडयेक काय एक झाला नाय.

मी त्येका सांगलंय, सरळ लिही, आवशीन बोलावल्यान म्हणान. तर म्हणता, मामा गाडयेसाठी येतलो, तुझ्यासाठी येवचो नाय.

त्येका खोटो पाड, भाई. ये.