जाऊबाईंचं मशीन चालू ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी मला भरीस पाडलेलं नाही. उलट जो तो म्हणतो आहे की आत्ता कशाला, ऑपरेशन तर साधं आहे. साधं असतं ते करणाऱ्याला. माझी सगळी नोकरी ऑपरेशनची हत्यारं धुण्यात आणि निर्जंतुक करण्यात गेली, त्यामुळे साध्या ऑपरेशननंतरचे ट्रेसुद्धा मी पाहिले आहेत. उद्या सकाळी मला दवाखान्यात हजर व्हायचं आहे. अक्षर तिरकं गेलं असेल तर हात थरथरतात म्हणून नाही. मला एका जागी बसवत नाही. सारखी उठते, आणि परत बसेपर्यंत कागद सरकलेला असतो.

याआधी मी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. घर.

सदर घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते कसं झालं हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या कोणी विचारेल की जाऊबाईंचा इथे काय संबंध. घर माझे पती आणि माझे थोरले दीर यांनी मिळून घेतलं होतं. दिरांना धंद्याची भारी हौस. त्यांनी आपला अर्धा हिस्सा आम्हालाच विकला, पैसे फर्निचरच्या दुकानात घातले आणि दुकान बुडालं. हिस्सा विकण्यापूर्वी बायकोला विचारावं हे त्यांच्या मनातही आलं नाही. जाऊबाईंना ते कळलं तेव्हा त्या भांडी घासत होत्या. त्यांनी फक्त नळ मोठा केला. पतींनी जाण्यापूर्वी घर माझ्या नावे केलं. आता दीरही नाहीत आणि माझे पतीही नाहीत. दिरांवरचा माझा राग मात्र शिल्लक आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही, बरोबर घेऊन जाते.

तरी माझ्या पश्चात घराची मालकी माझ्या मुलाकडे जावी. पण जाऊबाई हयात आहेत तोवर या घरात राहण्याचा आणि स्वयंपाकघर वापरण्याचा त्यांचा हक्क कोणालाही काढून घेता येणार नाही. तोवर घर विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, आणि ‘थोडे दिवस’ म्हणून त्यांना दुसरीकडे ठेवताही येणार नाही. ‘थोडे दिवस’ हे शब्द मुलाचे आहेत, म्हणून मुद्दाम घातले.

कलम २. भांडी धुण्याचं मशीन.

वकीलबाई म्हणाल्या, घरातल्या वस्तूंसाठी एक ओळ पुरते. या वस्तूला पुरणार नाही.

जाऊबाई आणि मी एका घरात आलो तेव्हापासून आमचं भांड्यांवरून जमलं नाही. मी धुतलेलं भांडं त्या पुन्हा धुवायच्या, तेही चारचौघांत. ‘दवाखान्यात चालत असेल असं,’ म्हणायच्या. मी दवाखान्यात इतकं स्वच्छ काम करायची की मोठे डॉक्टर माझ्या ट्रेकडे बघतसुद्धा नसत, आणि घरी माझ्या कपाच्या कानात चहाचा डाग निघायचा. पण माझ्या कामाच्या पाळ्या सुरू झाल्यावर माझा मुलगा त्यांनीच वाढवला. त्यांना मूल नव्हतं. तो त्यांना मोठीआई म्हणतो. त्याला भरवायच्या त्याच, रागवायच्या त्याच, आणि मी घरी आले की तो झोपलेला असायचा. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडी आहे.

मुलगा मिळवता झाला तेव्हा त्यानं आम्हा दोघींचं भांडण मिटावं म्हणून हे मशीन आणलं. जाऊबाईंनी आधी नाक मुरडलं, मग ताबा घेतला. कुठलं भांडं कुठे बसतं हे त्यांनी एकदा ठरवलं आणि त्यात बदल नाही. मोठी ताटं मागच्या रांगेत, पेले वरच्या कप्प्यात, वाट्या तिरक्या, म्हणजे पाणी साचत नाही. मला हात लावायची परवानगी नव्हती. मी चमचा ठेवला की त्या तो उचलून दुसऱ्या खणात ठेवायच्या.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग दिवस, मग घरातल्या खोल्या. मी कोण हे कधी आठवतं, कधी नाही. पण मशीनचं दार उघडलं की हातांना सगळं आठवतं. जेवणं झाली की त्या उठतात, ताट खरवडतात, भरतात, बटण दाबतात आणि पुढ्यात खुर्ची घेऊन बसतात. आतलं पाणी बोलत असतं तोवर शांत असतात. दिवसातले तेवढेच तास मी घरात मोकळेपणी चालते.

मध्ये पाच मिनिटं उठले होते. त्या झोपल्या आहेत.

गेल्या वर्षी मशीन बंद पडलं. तळाशी गढूळ पाणी साचायचं, निचरा होईना. कंपनीचा माणूस आला, दोन बटणं दाबून म्हणाला की पंप गेला, हा पंप आता येत नाही, नवीन घ्या. त्यानं खाली वाकून पाहिलंसुद्धा नाही. त्याचा राग मी वर लिहिलेल्या रागाच्या शेजारी ठेवला आहे.

मशीन बंद झालं आणि जाऊबाई घरात येरझाऱ्या घालू लागल्या. उष्टी ताटं कपड्यांच्या कपाटात ठेवायच्या, साड्यांच्या घडीत वाट्या निघायच्या. मी विचारलं की चिडायच्या, मग रडायच्या. एका सकाळी मी आंघोळीला गेले आणि बाहेर येऊन बघते तर दार सताड उघडं. समोरच्या चष्म्याच्या दुकानदारांनी त्यांना चौकात पाहिलं. हातात ताटांची चळत, पायात काही नाही, आणि गाड्या थांबवून लोकांना विचारत होत्या की आमचं मशीन कुठे नेलं. चष्मेवाल्यांनी ताटं स्वतःकडे घेतली, आमच्याकडेच आहे चला म्हणाले आणि त्यांना घरी आणलं.

हे मुलाला कळलं. तो औषधांच्या विक्रीच्या कामात आहे, सतत फिरतीवर. त्यानं फोनवरच दोन वृद्धाश्रमांची चौकशी करून ठेवली आणि एक नवीन मशीन पाठवून दिलं. नवीन मशीन देखणं होतं. जाऊबाईंनी दार उघडलं, आतले कप्पे पाहिले, त्यांची रचना वेगळी होती, आणि ताट हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. किती वेळ, मला बघवेना म्हणून मी खोलीबाहेर गेले.

जुनं मशीन मी भंगारात जाऊ दिलं नव्हतं, मागच्या गॅलरीत ओढून ठेवलं होतं. कपडे धुण्याचा नळ आणि निचरा तिथे आहे. दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत पाट टाकून बसले. जाळी काढली. साचलेलं पाणी स्पंजनं टिपलं. तळाच्या खड्ड्यात बोट घातलं तर पंपावरचं झाकण हाताला लागलं. ते फिरवून काढलं. आत पंपाचं छोटं चाक असतं, ते हलेना. माझ्याकडे दवाखान्यातला वाकड्या टोकाचा लांब चिमटा आहे, निवृत्त होताना मागून घेतलेला. त्यानं चाचपडत गेले आणि निघाली पेल्याची एक काच, तांदळाएवढी. चाक फिरलं. पंपाला काहीही झालं नव्हतं.

नळ्या जोडून मशीन सुरू केलं. पाण्याचा आवाज झाला तशा जाऊबाई आतून आल्या, दाराशी थांबल्या. मी मशीन थांबवलं, दार उघडलं, आणि मुद्दाम एक ताट पुढच्या रांगेत ठेवलं. त्या आल्या, ते उचललं, मागच्या रांगेत ठेवलं.

‘धाकटे,’ त्या म्हणाल्या, ‘तुला अजून जमत नाही.’

कित्येक आठवड्यांत त्यांनी मला हाक मारली नव्हती. त्या दिवशी आम्ही घरात होते नव्हते ते सगळे पेले धुतले.

चष्मेवाल्यांच्या मदतीनं मशीन परत स्वयंपाकघरात आलं. नवीन मशीन मी खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंना देऊन टाकलं. मुलानं त्यावरून माझ्याशी अबोला धरला होता. याच जातीचं आणखी एक बंद मशीन मी जुन्या सामानाच्या बाजारातून आणलं. ते जिन्याखाली आहे. ते कचरा नाही. ते सुटे भाग आहेत.

कलम ३. देखभाल.

ज्याच्या हाती घर जाईल त्यानं हे करावं. जाळी दर आठवड्याला काढून जुन्या दात घासायच्या ब्रशनं धुवावी आणि परत बसवताना फिरवून घट्ट करावी; ढिली राहिली तर कचरा थेट पंपात जातो. पाणी उडवणारे दोन फिरते दांडे आहेत, त्यांची भोकं बुजली की पेले धुरकट निघतात, ती टाचणीनं मोकळी करावीत. दार लावण्यापूर्वी वरचा दांडा हातानं फिरवून बघावा, एखादा उंच डाव त्याला अडतो. दाराच्या कडेचं रबर ओल्या फडक्यानं पुसावं, खालचा कोपरा विशेष, तिथून गळतं. मशीनवरचा छोटा दिवा लागला की पाणी मऊ करणारं जाडं मीठ संपलं असं समजावं आणि तळाच्या टाकीत नवीन भरावं. पाणी तुंबलं तर आधी मागची नळी मुडपली आहे का ते पाहावं. आत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. मी तो एकदा काढला नव्हता, असं कोणी करू नये. आणि हे सगळं जाऊबाई झोपलेल्या असताना करावं. उघडं मशीन पाहून त्या घाबरतात.

एवढं पुरेल का? पुरणार नाही. मला हे कळायला वर्ष लागलं आणि वाचणाऱ्याला आवाज ऐकू येणार नाही. निचरा होतानाचा नीट आवाज आणि अडखळता आवाज यांतला फरक कागदावर कसा लिहावा?

कलम ४. बचत.

बँकेत जे असेल ते आधी जाऊबाईंच्या औषधपाण्याला, त्यांना सांभाळायला येणाऱ्या बाईला आणि मशीनला. उरेल ते मुलाचं.

कलम ५. हत्यारं.

पक्कड, स्क्रू काढायचे पेचकस आणि ब्रश घरातच राहावेत. दोन बारीक पेचकस चष्मेवाल्यांचे आहेत, ते परत करावेत. ते मागणार नाहीत, तरी करावेत. लांब चिमटा मुलाला.

कलम ६. (यावर आडवी रेघ मारली आहे. रेघेशेजारी माझी सही आहे.)

रेघेखालचं वाचता येतं, तेव्हा स्पष्टच लिहिते. मशीन बंद पडल्यापासून आठवड्याच्या आत दुरुस्त झालं नाही, तर घर मुलाकडून काढून शिकवणीच्या बाईंना द्यावं, असं मी लिहिलं होतं. मुलगा आज दुपारी आला. कागद टेबलावर होता, त्यानं वाचला.

तो म्हणाला, ‘आई, एवढाही विश्वास नाही का माझ्यावर?’

मी म्हटलं, विश्वास आहे, पण तुझ्या हाताला सवय नाही. तो म्हणाला की मोठीआईला आपण कुठे आहोत हे कळत नाही, मग इथे काय आणि तिथे काय. मी त्याला जाळी काढायला सांगितली. रागारागानं शर्टाच्या बाह्या वर करून तो खाली बसला. जाळी काढली, खालचा दांडा काढला, टाचणी मागितली. त्याच्या बोटांना हे काम नवीन आहे, दोनदा टाचणी पडली.

इतक्यात जाऊबाई उठून आल्या. उघडं मशीन पाहून त्या घाबरतील म्हणून मी पुढे झाले. पण त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. ओळखलं नाही. त्यांना वाटलं, दुरुस्तीला माणूस आला आहे.

‘अहो, मशीनवाले,’ त्या म्हणाल्या, ‘आमचा मुलगा बाहेरगावी असतो. तो आला की त्याला हे सगळं नीट शिकवून जा. ही एकटी किती करेल?’

माझं नाव त्यांना आज आठवत नव्हतं. हातानं माझ्याकडे दाखवलं.

मला वाटलं, तो आता सांगेल की मोठीआई, मीच तो. त्याचे ओठ हललेही. मग तो म्हणाला, ‘हो बाई. शिकवतो त्याला.’ आणि मान खाली घालून एकेक भोक मोकळं करत राहिला. जाऊबाई खुर्ची घेऊन त्याच्या जवळ बसल्या आणि त्याचं काही चुकतं का ते पाहू लागल्या. त्याचा हात डोळ्यांशी गेला तशी त्यांनी पदर पुढे केला. ‘साबण गेला असेल, चोळू नका,’ म्हणाल्या.

म्हणून कलम ६ वर रेघ.

कलम ७.

हे कलम आत्ताच सुचलं. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं हे मला ठाऊक आहे. हे एक कलम मात्र मी जिवंत असतानाच, उद्या सकाळपासून लागू व्हावं.

मुलगा उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात येणार होता, त्यासाठीच रजा काढून आला आहे. त्यानं येऊ नये. माझ्याबरोबर शिकवणीच्या बाई येतील. त्यानं घरी राहावं, जाऊबाईंना जेवू घालावं आणि त्या भांडी भरतील तेव्हा शेजारी उभं राहावं, मध्ये हात न घालता. मी परत आले तर मी बघेन. नाही आले तरी त्याची सुरुवात झालेली असेल.

हे मी त्याला वाचून दाखवलं. मशीनवरचा छोटा दिवा लागला होता, तिकडे तो बघत होता. मग उठला, ओट्याखालचं कपाट उघडलं आणि विचारलं, ‘यात घालायचं मीठ कुठे ठेवतेस?’

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, परत वाचला, आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे.

सही: (धाकट्या जाऊची)

आम्ही दोघांनी लिहिणारीला आमच्यासमोर सही करताना पाहिलं. सही करताना त्या उभ्या होत्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

साक्षीदार: समोरचे चष्म्याचे दुकानदार (सही)
साक्षीदार: खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई (सही)

ठिकाण: राहत्या घराचं स्वयंपाकघर
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची, संध्याकाळ, मशीन चालू असताना